वापर नसलेली लाइन

गौरवीने पालथा हात पेटीच्या पत्र्यावर टेकवला, एखाद्या पोराचा ताप बघावा तसा, आणि तिथेच, कोरगावच्या रस्त्यात उभ्या उभ्या खुदकन हसली. पत्रा गार होता. म्हणजे उन्हाने तापला असेल तेवढाच, आतून नाही. सकाळपासून गावात लाइट नव्हती, कुठेतरी माडाचं झाप तारांवर पडलं होतं, आणि तरी खांबाला बांधलेली ही पेटी मजेत जागी होती. आतल्या बॅटऱ्या निम्म्यासुद्धा उतरल्या नव्हत्या.

"बघ हात लावून," ती प्रशांतला म्हणाली.

प्रशांत मांद्र्याचा. तार ओढण्यापासून खांबावर चढण्यापर्यंत कंपनीची सगळी बाहेरची कामं तोच करायचा. तो पेटीचं दार धरून उभा होता. त्याने हात काही लावला नाही.

"गेल्या वर्षी हयसर पाल रवायची," तो म्हणाला. "ह्या पंख्याच्या मागे. पिलां सुद्धा घातल्यान हुती. गरम गरम घर, फुकटात. तू येऊन तिचो संसार मोडलंस."

"मोडला तर मोडला. बॅटरी वाचली ना?"

"वाचली, वाचली. लाव गो कुलूप. भूक लागल्या माका."

पण गौरवीला कुलूप लावायची घाई नव्हती. असा दिवस रोज थोडाच येतो. इंजिनिअरिंग संपवून ती डिचोलीच्या बाजारातल्या या लहानशा इंटरनेट कंपनीत लागली, तेव्हा या पेट्यांना हात लावला तर चटका बसायचा. प्रत्येक पेटीतून आसपासच्या घरांना नेट जायचं, आणि आतलं यंत्र कुणी वापरो न वापरो प्रत्येक घराची लाइन दिवसरात्र जागी ठेवायचं, तापायचं, मग ते थंड करायला पंखे घुरघुरायचे, त्यांना वेगळी वीज. आणि पेडण्यात लाइट गेली की थोड्याच वेळात बॅटऱ्या मान टाकायच्या आणि ऑफिसचे फोन सुरू व्हायचे. परीक्षेला बसलेल्या पोरांचे आईबाप, किनाऱ्यावरचे खोल्या भाड्याने देणारे, सगळे ओरडायचे. ते ऐकून ऐकून गौरवी एक दिवस मालकांना, गोकुळदासबाबना, म्हणाली होती की जे वापरत नाहीत त्यांना आपण जागं का ठेवतो?

एवढंच म्हणाली होती. पण मग तिने पाठच धरली. कमी वीज खाणारी नवी यंत्रं आणवली. घरातल्या बॉक्सला कुणाचा फोन नाही, कॉम्प्युटर नाही, काहीच जोडलेलं नसेल, तर थोडा वेळ वाट बघून त्याने झोपायचं, हा नियम तिने घातला. घरचा बॉक्स झोपला की खांबावरच्या पेटीतली त्या घराची लाइनही डोळे मिटणार, आणि वाचलेली वीज ज्याला हवी त्याच्यासाठी राहणार. चवथ झाली, गणपती पोचवले, आणि त्याच आठवड्यात सगळ्या पेडणे तालुक्यात तिने नियम चालू केला. तेव्हापासून लाइट गेली तरी नेट जाईना. लोक फोन करून विचारायला लागले, तुम्ही जनरेटर बसवला काय?

गोकुळदासबाबनी ऑफिसात सगळ्यांना पावभाजी मागवली. गौरवीला उभं करून बोलायला लावलं. आणि बोलताना तिने ती गंमत सांगितली. नियम घालायच्या आधी तिने कोण किती वापरतं ते तपासलं होतं, आणि सगळ्यात विचित्र निघाली होती कोरगावची एक लाइन. रोज दिवेलागणीला चालू व्हायची, जेवणवेळेपर्यंत चालू राहायची, बंद व्हायची. तेवढ्या वेळात एकसुद्धा फोन तिला जोडला जायचा नाही. कधीच नाही.

"कोरगावात एक म्हातारी आहे," गौरवी म्हणाली होती, "ती रोज संध्याकाळी भुतांना वायफाय देते."

असं हसले होते सगळे. गोकुळदासबाब तर डोळे पुसत होते. त्यानंतर कुणीही आलं की ते गौरवीला हाक मारायचे आणि म्हणायचे, ती भुतांची गोष्ट सांग गो यांना.

कुलूप लावता लावता ऑफिसचा फोन आला. प्रशांतने घेतला, हूं हूं केलं, ठेवला.

"कोरगावातच एक बॉक्स काढून आणायचो आसा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाने लाइन बंद करूक सांगितल्यान. सुलोचनाकाकीचो. चेडवाच्या नावावर आसा, तिच्या लेकीच्या, अंकिताच्या. वास्कोत असता ती." आणि मग दात काढून, "तुझी भुतांची म्हातारी गो."

गौरवीला तर आनंदच झाला. बघायचीच होती तिला ती म्हातारी.

आणखी दोन वाड्यांतल्या पेट्या बघून ते निघाले तेव्हा लाइट परत आली होती. कुठल्याशा घरात भाताची गिरण सुरू झाल्याचा आवाज येत होता. उन्हं कलली होती. प्रशांतच्या स्कूटरच्या मागे बसून गौरवी अख्ख्या वाटेने बोलत होती, डिचोलीत नियम कधी लावायचा, पणजीला कुणासमोर बोलायला जायचं, आणि प्रशांत मधून मधून "होय गो" म्हणत होता.

घर काजूंच्या खालच्या अंगाला होतं. लहानसं, कौलारू, दारापुढचं खळं स्वच्छ सारवलेलं, तुळशीला नवा रंग दिलेला, कारण तुळशीचं लगीन जवळ आलं होतं. सुलोचनाकाकी पुढच्या सोप्यावर बसून मांडीवर वाती वळत होत्या. साठी केव्हाच उलटलेली, बारकी बाई. त्यांनी मान वर करून बघितलं, पण हात थांबवला नाही.

"प्रशांत मा रे तो? आणि ह्यां कोणाचां चेडू?"

"आमची इंजिनिअरीण, काकी. डिचोलीची."

"बस गो बाय. त्या कदेलार बस. खाली बसू नको, सारवलला ओला आसा." त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हनुवटी केली. "तुळशीचा लगीन बघूक इलंस की आणि कसला?"

गौरवी हसली. "बॉक्स न्यायला आलोय, काकी. नेटचा."

वात वळणारा हात आता थांबला.

"कित्याक? बरो चलता मा तो."

गौरवीने प्रशांतकडे बघितलं. प्रशांत तुळशीकडे बघत होता. शेवटी तीच म्हणाली, "लाइन बंद करायची आहे असं कळलं."

"कोणाकडसून कळला?"

सुलोचनाकाकींनी वाती गोळा करून तबकात ठेवल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"थांबा वायच. दिवेलागणीची वेळ झाली. दिवो लावतंय, मगे काय ता बघूया."

त्यांनी न्हाणीत जाऊन हातपाय धुतले. तुळशीपुढे पणती लावली. आत जाऊन देवांपुढे समई लावली, हात जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. आणि मग, गौरवी दारातून बघत होती, देवांच्या बाजूला खिडकीखाली एक फळी होती, तिथे त्या गेल्या. फळीवर बॉक्स होता. खाली भरतकामाचा रुमाल घातलेला. त्यांनी पदराच्या टोकाने बॉक्स पुसला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. हिरवी लाइट आधी लुकलुकली, मग नीट पेटली.

"झाला," सुलोचनाकाकी म्हणाल्या. "आता दिसला असतला तिका."

"कुणाला?"

"अंकूक. आणि कोणाक?"

त्या उंबऱ्यावर येऊन टेकल्या आणि एकदम मोकळ्या झाल्या, कुणी विचारायची वाटच बघत असल्यासारख्या. पोरगी वास्कोला बंदरावरच्या एका ऑफिसात कामाला लागली, तिथल्याच एका किरिस्तांव पोराशी लग्न केलं. बापाने, शांतारामने, तिचं नावच टाकलं. मग तो अंथरुणाला खिळला आणि जायच्या आधी बायकोचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"शपथ घातल्यानी माका. तिच्याशी बोलूचा नाय. फोन घेवचो नाय. उंबऱ्याच्या आत घेवचा नाय." सुलोचनाकाकींनी उंबऱ्यावर बोटाने टकटक केलं. "मी पाळतंय. तिचो फोन इलो तर वाजत ठेवतंय. पण दिवो लावचो नाय अशी शपथ खय घातल्यानी? तेंका काय ठावक, असलो दिवो असता म्हणान?"

प्रशांत खाली बघून हसला. "मी सांगितलेलं," तो गौरवीला म्हणाला. "बॉक्स लावताना. आपण सगळ्यांनाच सांगतो मा, लाइट पेटली की फोनात हिरवो ठिपको दिसता, खयसूनय बघा."

तेवढ्यावरून सगळं झालं होतं. आईने दिवेलागणीला बॉक्स लावायचा, की वास्कोत पोरीच्या फोनमध्ये हिरवा ठिपका. म्हणजे आई आहे, बरी आहे, आणि आठवण काढते आहे. आणि पोरगी कामावरून घरी आली की फोनवरूनच बॉक्स एकदा बंद करून परत चालू करायची, अ‍ॅपमध्ये तसं बटण असतं. इथे फळीवरची लाइट विझायची आणि परत पेटायची. मग सुलोचनाकाकी जेवायला बसायच्या.

"एक शब्द बोललंय नाय मी तिच्याशी," त्या म्हणाल्या. "देवाची आण. तिका चेडू झाला, ता सुद्धा मी दुसऱ्यांकडसून आयकलंय. त्या रातीक तिने पाच पाच वेळा विझयल्यान आणि पेटयल्यान. माका वाटला, बॉक्स खराब झालो. सकाळी पोदेर पाव घेऊन इलो, तेणी सांगितल्यान, वास्कोक तुका नात झाली."

गौरवी हसायला गेली आणि त्याच वेळी, सुलोचनाकाकींच्या डोक्यावरून, तिला फळीवरची हिरवी लाइट दिसली. ती विझली. लुकलुक नाही, काही नाही. मिटली.

सुलोचनाकाकींनी मागे वळून बघितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"बघ. ह्यां असां. चवथीपासून नवीन काढल्यान तिने. मी लावतंय, ती इतक्यातच विझयता. परत लावणा नाय. रागावली असतली. माझा काय चुकला, ता कसा कळतला माका? विचारूक येणा नाय." त्या जरा थांबल्या. "आणि आता बॉक्सच न्यायला धाडल्यान तुमका. होय मा?"

गौरवीने कदेलाचा हात घट्ट धरला. चवथीपासून. तिला वेगळं काही आठवावं लागलंच नाही. बॉक्सला एकही फोन नाही, कॉम्प्युटर नाही, काही जोडलेलं नाही. बॉक्स थोडा वेळ वाट बघतो आणि झोपतो. झोपला की अ‍ॅपमधला ठिपका जातो, तिकडून बटण दाबलं तरी तो उठत नाही. सगळं तिने ठरवलं होतं तसंच चाललं होतं, अगदी बिनचूक.

"काकी, मी एक फोन करून येते," ती म्हणाली.

ती तुळशीच्या पलीकडे, कुंपणापाशी गेली. प्रशांत मागोमाग आला. अंकिताचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. रिंग बराच वेळ वाजली.

"अंकिताताई? मी गौरवी, नेटच्या कंपनीतून. कोरगावच्या बॉक्सचं—"

"नेलात ना? बरं. जरा पटकन बोला हं, मी एअरपोर्टवर आहे. मोपाला." मागे एक लहान मुलगी रडत होती, तिला काहीतरी हवं होतं आणि कुणी देत नव्हतं.

"नेला नाही. चालू आहे तो."

"असू दे. बंद करा. आम्ही चाललो, मुंबई आणि तिथून लिस्बन. माझा नवरा तिथे आहे. आणि आईने लावायचं सोडलंय. चवथीपासून एकदासुद्धा लावला नाही तिने. मग लाइन ठेवून काय करू?"

"ताई, सोडलेलं नाही. त्या रोज लावतात."

"असं कसं? मी रोज बघते. कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी तेच बघते. कालपण बघितलं. काल तर..." तिचा आवाज जरा लांब गेला, मुलीला काहीतरी सांगितलं, परत आला. "काल मी ठरवलेलं. ठिपका दिसला तर आज येताना कोरगावात उतरायचं. उंबऱ्यात नाही जायचं. खळ्यात उभं राहून पोरीला दाखवायचं आणि निघायचं. नाही दिसला. म्हणून तर सकाळी तुम्हाला फोन केला. अ‍ॅपसुद्धा काढून टाकलं. टॅक्सी फाट्यावरून सरळ आली."

कोरगावचा फाटा. गौरवी आणि प्रशांत दुपारी त्याच फाट्यावर सोडा प्यायला थांबले होते. तिथेच तिने त्याला पणजीच्या भाषणाचं सांगायला सुरुवात केली होती.

"तो ठिपका माझ्यामुळे जात होता," ती म्हणाली. "म्हणजे, आम्ही एक नियम घातलाय. कुणी वापरत नसेल तर बॉक्स आपोआप झोपतो. त्या लावतात, पण तुम्ही घरी येऊन बघेपर्यंत तो झोपलेला असतो. इकडे त्यांना वाटतंय तुम्हीच विझवताय. मी घातला तो नियम. वीज वाचावी म्हणून."

पलीकडे एअरपोर्टवर कसलीशी घोषणा झाली.

"वीज," अंकिता म्हणाली.

"हो."

"आता लावलाय तिने?"

"आत्ताच लावला. माझ्यासमोर. पदराने पुसून."

मुलगी रडायची थांबली होती, किंवा कुणीतरी तिला कडेवर घेतलं असेल.

"मी फोन आत नेते ना," गौरवी घाईघाईने म्हणाली. "त्या बोलणार नाहीत, पण ऐकतील. मी धरून उभी राहते."

"नको. ऐकून काय करील ती? मी चालले, एवढंच ऐकेल ना? आणि तोंड मिटून बसेल. ते मला..." मध्येच कुणीतरी तिला पासपोर्ट मागितला. "हो, हा घ्या. दोघींचे. ऐका, तो बॉक्स नेऊ नका. राहू दे तिथेच."

फोन बंद झाला. गौरवीने परत लावला. स्विच ऑफ.

प्रशांत कुंपणाची एक काटकी मोडून तिचे तुकडे करत होता. "टॅक्सी आमच्या पुढ्यातसूनच गेली असतली," तो म्हणाला.

काय करायचं ते गौरवीला सुचेना, आणि सुचेना म्हणून तिने जे येत होतं तेच करायला घेतलं. ती तडक आत गेली, चपला दारात टाकून, फळीपाशी गेली, बॉक्सच्या मागचं बारकं बटण दाबून त्याला जागं केलं. हिरवी लाइट पेटली. दुसऱ्या हातात तिचा फोन होताच. त्यात तिने ऑफिसचं पान उघडलं, कोरगावची ती लाइन शोधली, तिच्यावरचा नियम काढला आणि ओके केलं. निदान यापुढे तरी हा झोपणार नाही. निदान तेवढं.

सुलोचनाकाकी तिच्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या.

लाइट विझली.

सुलोचनाकाकींचा हात तोंडाशी गेला. समई जळत होती तेवढाच काय तो उजेड फळीवर होता. तुळशीपाशी प्रशांत खोकला. मग बॉक्समधून बारीक टिक् असा आवाज आला, लाइट लुकलुकली आणि पेटली. हिरवी, नीट.

"इली," सुलोचनाकाकी म्हणाल्या.

गौरवीला तेव्हा कळलं. नियम काढला, घातला, काहीही बदललं की बॉक्स एकदा बंद होऊन आपला आपण चालू होतो. तिला माहीत होतं ते. शंभरदा तिने बघितलं होतं. फक्त आत्ता, या घरात, डोक्यात नव्हतं.

"बघितलंस मा? विझयल्यान आणि परत लावल्यान. राग गेलो तिचो." सुलोचनाकाकींनी तिचा दंड धरला, बारक्या हाताला केवढा जोर होता. "तू फोन केलंस तिका, होय मा? तू सांगितलंस. काय म्हणाली? नको, नको, सांगू नको. तिचा बोलणा माका आयकूचा नाय. शपथ आसा."

त्यांनी दंड सोडला आणि पदर डोळ्यांना लावला, तोच पदर ज्याने बॉक्स पुसला होता.

"काकी," गौरवी म्हणाली.

"काय गो?"

प्रशांत दारात येऊन उभा होता. त्याला बॉक्सचं माहीत होतं, तोही शंभरदा बघून होता. त्याने मान हो म्हणून हलवली नाही, नाही म्हणूनही नाही, नुसता गौरवीकडे बघत होता.

"बॉक्स न्यायचा नाही आता," गौरवी म्हणाली. "चूक झाली होती. आमच्याकडून."

"होता गो असा. चहा ठेवू?"

चहा झाला, चहाबरोबर कातरा पाव झाला. सुलोचनाकाकी इतकं बोलल्या की प्रशांतला हूं म्हणायलाही सवड मिळेना. अंकू लहान असताना काजूच्या झाडावरून पडली त्याचं, बापाने तिला पाठीवर घालून पेडण्याला नेलं त्याचं. मध्येच छपरावरून मोठा आवाज करत विमान गेलं. सुलोचनाकाकींनी बोलणं थांबवलं, आवाज जाईपर्यंत, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. मोपा झाल्यापासून त्यांना ते रोजचंच होतं. गौरवीच्या हातातल्या पावाचा तुकडा चहात पडला, तो तिने बोटाने काढला नाही.

निघताना सुलोचनाकाकी खळ्यापर्यंत आल्या.

"पेटतो ठेवलो तर करंट लय जाता मा गो?" त्यांनी हळूच विचारलं. "तू तर त्यातली. सांग माका. जेवणा होईपर्यंत ठेवलो तर चलात?"

"झोपेपर्यंत ठेवा, काकी. काही होत नाही."

स्कूटरवर गौरवी हातातल्या फोनकडेच बघत होती. फाटा आला तेव्हा प्रशांतने वेग कमी केला, थांबला मात्र नाही.

"उद्या काय?" तो पुढे बघतच म्हणाला. "उद्या ती दिवो लावतली आणि वाट बघीत बसतली."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गौरवीने अंकिताला लिहिलेला मेसेज तसाच पडून होता. लांबलचक लिहिला होता, मग खोडून बारका केला होता, मग तोही बदलला होता. खाली एकच टिक. दुपारी एकच. चारला चहा आला तेव्हाही एकच. नवीन देशात नंबर बदलला असेल. बदलतातच लोक.

दिवस मावळायला लागला तसे ऑफिसातले बाकीचे उठले. खाली बाजारात गणपतीच्या देवळातली घंटा वाजली. गौरवी पडद्यासमोर बसून राहिली. पेडण्याचा नकाशा उघडा होता, गावागावांचे ठिपके, जागे हिरवे, झोपलेले राखाडी. किती राखाडी होते. परवापर्यंत हे राखाडी ठिपके बघून तिला केवढं बरं वाटायचं. आता ती प्रत्येकाकडे बघत होती. मांद्र्याचा हा कुणाचा? हा पालयेच्या वाटेवरचा? हे सगळे नक्की रिकामेच आहेत ना?

कोरगावात, खालच्या अंगाला, एक ठिपका हिरवा झाला.

म्हणजे हातपाय धुऊन झाले. पणती, समई झाली. बॉक्स पुसून झाला. आता त्या उंबऱ्यावर टेकून फळीकडे बघत बसल्या असतील, जेवण झाकून.

गौरवीने त्या लाइनवर क्लिक केलं. बंद करून चालू करा, असं एक चौकोनी बटण आलं, अंकिताच्या अ‍ॅपमध्ये असतं तसंच. एवढंच तर दाबायचं. कुणाला कळणार नाही. आजचा दिवस. मग उद्याचा. मग परवाचा, आणि कधीतरी सुट्टी घ्यायची झाली, आजारी पडली, नोकरी सोडली, तर? आणि नाही दाबलं तर? तिचं बोट माऊसवर होतं आणि कितीतरी वेळ तसंच होतं.

मागून गोकुळदासबाब आले, केबिनला कुलूप लावून, डबा हातात घेऊन. त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं.

"अजून देते काय गो ती? भुतांना?"

गौरवीने मागे बघितलं नाही.

"ही लाइन आपल्या नियमात नाही घ्यायची, बाब," ती म्हणाली. "वापर आहे तिचा."

"कसला?"

ती सांगायला लागणार तोच तिच्या डोळ्यांसमोर, तिने बटण दाबलेलं नसताना, कोरगावचा ठिपका विझला.

तिने झटकन आजूबाजूला बघितलं. कोरगावचे बाकीचे हिरवे ठिपके जागच्या जागी होते. लाइट गेलेली नव्हती. नियम तर तिने कालच काढला होता.

गौरवीने माऊसवरचं बोट उचललं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि वाट बघत बसली.